एकोणीस नंबरचा मेंदू

एका जंगलात एक साळू रोज सकाळी ठीक आठ वाजता एक गोळी घ्यायची. पाऊस असो, थंडी असो, पाणवठ्यावर वाघ येऊन बसलेला असो, आठ म्हणजे आठ. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असतात ती. हिचं नाव सगुणाबाई साळवी.

मुलांनो, गोळी कसली ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही मध्ये मध्ये विचारणार नाही. सगुणाबाईंच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू होता. बारा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान वारले, तेव्हा बाईंचंही रक्त तपासलं आणि तो सापडला. त्या दिवसापासून बाई गोळी घेत होत्या आणि विषाणू निजला होता. इतका गाढ, की तपासणीत सापडतच नसे. बाई धडधाकट होत्या. रानातून करांदे, कणगरं, रानसुरण असे कंद उकरून आणायच्या, उकडायच्या आणि सोमवारच्या बाजारात विकायला बसायच्या.

विषाणूची गोष्ट जंगलात एकीलाच ठाऊक होती. ओढ्याकाठच्या औषध केंद्रात सिंधू नावाची टिटवी सिस्टर होती, ती दर महिन्याला गोळ्या द्यायची. केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की एकत्र पाणी प्यायल्याने, एकत्र जेवल्याने हा आजार होत नाही. पण ते वाचता येईल इतकं त्या भिंतीजवळ कोणी जात नसे. लोकांनी पाहिलं असतं ना.

सगळं सुरळीत चाललं होतं. शिमग्याच्या सुमारास मात्र बाईंना विसरायला होऊ लागलं.

आधी लहानसहान. कंद उकडताना मीठ दोनदा पडायचं. मग उजवा पंजा मधूनच झटका द्यायला लागला, हातातली वस्तू सुटून पडायची. एकदा बाई स्वतःच्याच बिळासमोरून तीनदा गेल्या आणि तिसऱ्या वेळी इथे कोण राहतं म्हणून चौकशी केली.

आणि एका सोमवारी त्यांनी कच्चा रानसुरण उकडलेला म्हणून विकला. घेणारे होते भेकरांचे सरपंच. त्यांचा घसा असा खाजला, की चार दिवस त्यांना भुंकता आलं नाही. त्या चार दिवसांत पंचायतीच्या तीन सभा वेळेवर संपल्या, त्यामुळे तक्रार कोणीच केली नाही.

पण सगुणाबाई घाबरल्या. सुरणाने घसा खाजतो, एवढंच. उद्या आपल्या हातून विषारी कंद गेला तर? त्या रात्रभर नाही, पण दुपारभर विचार करत बसल्या, आणि उन्हं कलल्यावर केंद्रात गेल्या.

सिंधूसिस्टरने आधी रक्त तपासलं.

"सगुणामावशी, विषाणू निजलेलाच आहे."

"रक्तात निजला असेल. मेंदूत जागा असेल तर?"

सिस्टर टिटवीच ती. कुठलीही वाईट शक्यता तिला अगदीच अशक्य वाटत नसे. ती म्हणाली, "ते रक्तावरून नाही कळत. त्याला मेंदूच बघावा लागतो. टेकडीवर मोठं संशोधन केंद्र झालंय, तिथे एमआरआयचं यंत्र आलंय. तुमच्यासारखेच पेशंट शोधताहेत ते. जाऊन या. फुकट बघतील."

टेकडीवरच्या केंद्राचे प्रमुख होते डॉ. मोरे. ते मोर होते. निजलेला विषाणू मेंदूचं काय नुकसान करतो, हा त्यांचा विषय. उत्तर त्यांना आधीच सापडलं होतं. आता फक्त पेशंट सापडायचे राहिले होते.

त्यांनी सगुणाबाईंचं फार आपुलकीने स्वागत केलं.

"विसरायला होतं?"

"होतं."

"खूप होतं?"

"खूप होतं."

डॉ. मोऱ्यांच्या पिसाऱ्यातली दोन-तीन पिसं आपोआप उभी राहिली. "छान," ते म्हणाले. मग सावरून म्हणाले, "म्हणजे, बरं झालं आलात."

त्यांनी बाईंपुढे सागाच्या एक्केचाळीस पानांचं संमतीपत्र ठेवलं. बाई वाचायला बसल्या. सव्विसाव्या पानावर अडल्या.

"यात काय लिहिलंय?"

"तुम्ही या अभ्यासातून केव्हाही बाहेर पडू शकता, असं."

"म्हणजे आत्तासुद्धा?"

"आत्ता नाही. सही केल्यानंतर केव्हाही."

बाईंनी विचारलं, "आणि डॉक्टर, मला काय झालंय ते मला कळेल ना?"

डॉ. मोऱ्यांनी मान उंच केली. "बाई, त्याहून मोठी गोष्ट होईल. ते साऱ्या जंगलाला कळेल. पुढच्या पिढ्यांना कळेल."

"आणि मला?"

"पुढच्या पिढ्यांबरोबरच."

बाईंना ते नीटसं समजलं नाही. पण एक गोष्ट त्यांना फार आवडली. इथे नाव चालत नव्हतं. पंजाला एक पट्टी बांधली, तिच्यावर आकडा: एकोणीस. "आजपासून तुम्ही एकोणीस नंबर," डॉ. मोरे म्हणाले. "तुमचं नाव लोखंडी पेटीत. पेटीची किल्ली माझ्याकडे. जंगलात कोणाला पत्ता लागणार नाही." बारा वर्षं बाई एकट्याच ते गुपित सांभाळत होत्या. आता त्याला कुलूप मिळालं, म्हणून त्यांना हलकं वाटलं, आणि त्यांनी सही केली. सही करताना पंजाने झटका दिला. सही सदतिसाव्या पानापर्यंत गेली.

मग प्रश्नावली. एकशे बारा प्रश्न. आजीला विसरायला व्हायचं का? पौर्णिमेला जास्त विसरता की अमावास्येला? आनंद होतो का? होत असल्यास आठवड्यातून किती वेळा? बाईंनी सगळ्यांची खरी उत्तरं दिली.

त्यानंतर स्मरणाची परीक्षा. परीक्षेच्या खोलीत बाईंच्या शेजारी एक कासव बसलं होतं. कासमभाई त्यांचं नाव. अभ्यासात एक निरोगी गटही असतो. आजारी लोकांची तुलना करायला निरोगी लोक लागतात, ते साधारण त्याच वयाचे असावे लागतात. सगुणाबाई अठरा वर्षांच्या होत्या, कासमभाई एकशे चार. पण दुसरं कोणी मिळालं नव्हतं, आणि वयाचा फरक गणिताने दुरुस्त करता येतो असं डॉ. मोरे म्हणाले होते.

दोघांना पाच शब्द सांगितले. आंबा, नदी, वारूळ, मध, चांदणं. थोड्या वेळाने पुन्हा विचारले. सगुणाबाईंना दोन आठवले. कासमभाईंना पाचही आठवले, पण चांदणं दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं. किती वेळात आठवायचं हे कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना पैकीच्या पैकी मिळाले.

बाई खट्टू झाल्या. कासमभाई हळूहळू म्हणाले, "ताई, शब्द कुठे जात नाहीत. ते वाटेत असतात."

बाईंना ते ऐकून बरं वाटलं. आपण कोणत्या गटातल्या, असं कासमभाईंनी विचारलं नाही, हेही बरं वाटलं. विचारायला निघाले असतील, तर अजून पोहोचले नव्हते.

मग आलं ते यंत्र. एमआरआय म्हणजे पांढरंशुभ्र मोठं बीळच. त्याच्या प्रमुख डॉ. घारपुरे, जातीने घार. ढगाजवळून उडताना खाली उंदराची मिशी हलली तरी त्यांना दिसे. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "अंगावर धातूचं काही?"

"काटे आहेत."

"धातूचे?"

"देवाचे."

मग त्यांनी पाठीवर झोपायला सांगितलं. साळूला हे सांगणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. बाई झोपल्या. ती गादी पुन्हा कोणाच्या उपयोगी आली नाही.

आत गेल्यावर असा आवाज सुरू झाला, की जणू दोनशे माकडं पत्र्यावर नाचताहेत. बीळ म्हणून जागा वाईट नाही, बाईंनी मनात म्हटलं, पण शेजार फार वाईट आहे.

बाहेरून डॉ. मोऱ्यांचा आवाज आला. "हात हलवू नका. चित्र बिघडतं."

"मी हलवत नाहीये. तो हलतोय."

"मग त्याला थांबवा."

"तो थांबत नाही, हेच तर सांगायला आलेय मी."

शेवटी त्यांनी बाईंचा उजवा पंजा वेलीने बांधला. कागदावर 'पंजाची हालचाल' असा रकाना होता. त्यात लिहिलं: नाही.

चित्र मात्र देखणं आलं. डॉ. घारपुरे ते बघता बघता थांबल्या.

"सर, डाव्या बाजूला कवटीच्या आतून एक पट्टा दिसतोय. चंद्रकोरीसारखा."

"स्मरणकेंद्र केवढं आहे?" डॉ. मोऱ्यांनी विचारलं.

"दबल्यासारखं वाटतंय."

"दबलंय म्हणजे लहान. लिहा, लहान."

"पण सर, हा पट्टा..."

"आपला अभ्यास पट्ट्याचा आहे का?"

डॉ. घारपुऱ्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि 'अभ्यासाबाहेरची निरीक्षणं' असं लिहिलेल्या डब्यात टाकली. तो डबा उघडायला एक समिती होती. ती वर्षातून एकदा, मार्गशीर्षात भरे. चिठ्ठी टाकली म्हणजे आपलं काम झालं, असं डॉ. घारपुऱ्यांना वाटलं. मुलांनो, ही त्यांची चूक होती.

सगुणाबाई दर आठवड्याला टेकडी चढून जात आणि विचारत, "माझं काही कळलं का?" दर आठवड्याला उत्तर मिळे, "विश्लेषण चालू आहे." चैत्र गेला, वैशाख आला. आता बाईंचं डोकं सकाळी ठणकायचं. चालताना तोल उजवीकडे जायचा. टेकडी चढायला पूर्वी अर्धा तास लागे, आता दीड तास. त्यातला अर्धा तास आपण कुठे चाललो आहोत हे आठवण्यात जाई.

एवढं होऊन सकाळची गोळी मात्र एकदाही चुकली नाही.

ज्येष्ठ लागायच्या आधी टेकडीच्या पायथ्याशी मोठी परिषद भरली. सात जंगलांतले डॉक्टर आले, पंच आले, बघे आले. एवढी गर्दी म्हटल्यावर सगुणाबाईही उकडलेल्या कंदांची टोपली घेऊन गेल्या. यावेळी प्रत्येक कंद त्यांनी तीनदा दाबून बघितला होता. विक्री चांगली झाली. भेकरांच्या सरपंचांनी तर दोन करांदे घेतले आणि पुढच्या रांगेत बसून खाऊ लागले. सिंधूसिस्टरलाही यावं लागलं होतं, कारण खालच्या केंद्रांतून एकेकाने हजर राहावं असा हुकूम होता. ती मागे उभी होती.

व्यासपीठामागे सागाएवढा उंच फलक लावला होता. त्यावर एका मेंदूचं चित्र. खाली लिहिलं होतं: एकोणीस नंबर. चित्राच्या एका कडेला केंद्राचं बोधचिन्ह होतं, मोरपीस.

सगुणाबाईंनी पंजावरची पट्टी बघितली. मग फलक बघितला. आपला मेंदू इतका मोठा असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

डॉ. मोरे बोलायला उभे राहिले. पिसारा पूर्ण उघडला. ते म्हणाले, वीस विषाणूवाल्या प्राण्यांचा अभ्यास केला. एकोणीस जणांत फारसा फरक नाही. परंतु या एका प्राण्यात स्मरण ढासळलेलं आहे, स्मरणकेंद्र लहान आहे. "हा एकोणीस नंबर आम्हाला इशारा देतो आहे," ते म्हणाले. "विषाणू निजला तरी मेंदू खातो. गोळीने काही होत नाही."

सभेत खळबळ उडाली. सरपंच करांदा गिळून उठले.

"माझा एक ठराव आहे," ते म्हणाले. "असले जे कोणी प्राणी असतील ते हुडकून काढावेत. त्यांना बाजारात बसू देऊ नये. त्यांच्या डोक्याचा भरवसा नसेल तर ते आपल्याला काय खाऊ घालतील कोण जाणे. पाणवठाही वेगळा करावा."

बऱ्याच माना हलल्या. सगुणाबाईंच्या अंगावरचा एकेक काटा उभा राहिला. त्यांनी तो बसवायचा प्रयत्न केला. बसेना.

नेमक्या त्याच वेळी फलकावरचं मोरपीस खाली पडलं. ते वेगळं रंगवून डिंकाने चिकटवलेलं होतं, आणि वैशाखाच्या उन्हात डिंक सुटला. पिसाच्या मागे, मेंदू आणि कवटी यांच्या मधोमध, पांढरा पट्टा होता.

"तो पट्टा कसला?" मागून सिंधूसिस्टरने विचारलं.

"काही नाही," डॉ. मोरे म्हणाले. "चित्राचा तोल बिघडत होता, म्हणून तिथे बोधचिन्ह लावलं."

"पण तो कसला आहे?"

उंच फांदीवरून डॉ. घारपुऱ्यांचा आवाज आला. "रक्त असावं. डोक्याला मार लागला की कधीकधी मेंदूच्या बाहेर थेंब थेंब रक्त साठतं. महिनोन्महिने कळत नाही. मग ते मेंदूला दाबू लागतं. विसरायला होतं, हातपाय ऐकत नाहीत. मी चिठ्ठी लिहिली होती. चिठ्ठीवर थांबायला नको होतं."

"म्हणजे हे विषाणूचं काम नाही?"

"ह्या चित्रावरून तरी नाही वाटत."

"मग हा जो कोणी एकोणीस नंबर आहे, त्याला आजच्या आज बोलवा," सिस्टर म्हणाली. "रक्त काढलं तर तो बरा होईल. नाही काढलं तर जाईल."

डॉ. मोऱ्यांनी पिसारा थोडा मिटला. "नाव सांगता येणार नाही. गुप्ततेचा नियम आहे. शिवाय एकोणीस नंबरला आम्ही एकशे बारा प्रश्न विचारले आहेत. मार लागल्याची नोंद त्यात कुठेही नाही. हवं तर मार्गशीर्षात समितीपुढे ठेवू. सरपंच, तुमचा ठराव घ्या मतदानाला."

सगुणाबाई टोपलीशेजारी बसल्या होत्या. मुलांनो, त्या उठून गुपचूप सिस्टरच्या कानात सांगू शकल्या असत्या. डोक्यातलं रक्त निघालं असतं, गुपित राहिलं असतं. त्यांच्या मनात ते आलंही. पण समोर पंजे वर व्हायला लागले होते. अठरा, एकोणीस, वीस. अभ्यासातले बाकीचे एकोणीस जण ह्याच गर्दीत कुठेतरी असणार, हे बाईंना उमगलं. कदाचित त्यांनीही, कोणाला संशय नको म्हणून, पंजा वर केला असेल.

बाई उभ्या राहिल्या. तोल उजवीकडे गेला, तो त्यांनी टोपलीला धरून सावरला.

"एकोणीस नंबर मी आहे," त्या म्हणाल्या. "सगुणा साळवी. तो मेंदू माझा आहे."

ज्यांच्या तोंडात त्यांच्या टोपलीतला घास होता, त्यांना गिळावा की थुंकावा ते कळेना. बाईंच्या आजूबाजूची जागा मोकळी होत गेली. पुढच्या रांगेतले सरपंच दुसऱ्या करांद्याकडे बघत बसले. तो अर्धा संपला होता.

सिंधूसिस्टर मात्र पुढे आली. "मावशी, डोक्याला मार लागला होता का?"

"मार असा नाही. माघात डोक्यावर कवठ पडलं होतं."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलं नाही. आजीचं विचारलं, पौर्णिमेचं विचारलं. कवठाचं नाही विचारलं. मलाही वाटलं विषाणूच असेल. बारा वर्षं मी त्याच्याशिवाय दुसऱ्या कशाला घाबरलेच नाही."

मग डॉ. घारपुरे फांदीवरून खाली आल्या. सभेची परवानगी न मागता त्यांनी बाईंना नखांत अलगद धरलं, काटे टोचले तरी सोडलं नाही, आणि थेट ओढ्याकाठच्या दवाखान्यात नेऊन उतरवलं.

तिथे सुतार डॉक्टर होते. सुतारपक्षी. परिषदेला त्यांना बोलावणं नव्हतं, कारण त्यांनी कधी शोधनिबंध लिहिला नव्हता. डॉ. घारपुऱ्यांनी आणून दिलेलं चित्र त्यांनी पाहिलं, बाईंच्या डोक्यावर डाव्या बाजूला चोच टेकवून जागा ठरवली, आणि नेमकं छोटंसं भोक पाडलं. दाट काळपट रक्त बाहेर आलं. पाऊण वाटी भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी डोळे उघडले. शेजारी सिस्टर बसली होती.

"किती वाजले?"

"पावणेआठ."

"मग पंधरा मिनिटांनी गोळी द्या," बाई म्हणाल्या.

थोडा वेळ त्या वर छताकडे बघत राहिल्या. मग उजवा पंजा उचलून बघितला. तो गप्प होता. "आंबा, नदी, वारूळ, मध, चांदणं," त्या म्हणाल्या. सिस्टरला वाटलं, बाईंना वात झाला.

टेकडीवर डॉ. मोऱ्यांनी नवीन आकडेमोड केली. एकोणीस नंबर आता अभ्यासाला अपात्र होता, कारण त्याला दुसराच आजार निघाला. तो वगळल्यावर उरलेल्यांत आणि निरोगी गटात काहीच फरक राहिला नाही. म्हणजे गोळी घेणाऱ्यांचे मेंदू ठणठणीत होते. ही खरं तर आनंदाची बातमी. पण काही झालं नाही असा निबंध कोणी छापत नाही, म्हणून तो त्यांनी खणात ठेवला. सरपंचांचा ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला.

डॉ. मोरे खचून जाणारे नव्हते. त्यांनी लगेच नवा विषय घेतला: कवठाचा मेंदूवर परिणाम. चाळीस प्राणी निवडून कवठाच्या झाडाखाली बसवले आणि चाळीस जांभळाखाली. हंगाम नसल्यामुळे निकाल यायला वेळ लागणार होता. पण निष्कर्ष लिहून झाला होता.

सगुणाबाई मात्र बाजारात गेल्या. डोक्याला फडकं बांधून, उकडलेल्या कंदांची टोपली पुढ्यात ठेवून त्या बसल्या. बाजार भरला होता. त्यांच्यासमोरून सगळे जात होते, पण टोपलीजवळ येताना प्रत्येकाला पलीकडच्या दुकानात काहीतरी महत्त्वाचं दिसत होतं. संध्याकाळी बाई सगळे कंद परत घेऊन गेल्या. सिंधूसिस्टर रोज घरी येऊन दोन कंद खायची, पण टिटवीच्या पोटात किती मावणार.

दुसऱ्या सोमवारीही तसंच. बाई कोणाला काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर उगाचच टोपली दोनदा धुतली. पुढच्या वेळी जावं की नको, असं त्यांच्या मनात आलं. गोळीची वेळ पाळता पाळता त्यांना वेळ पाळायची सवय लागली होती, आणि सोमवार आला, म्हणून त्या गेल्या.

तिसऱ्या सोमवारी दुपारी टोपलीसमोर कासमभाई उभे होते. पाय धुळीने भरलेले.

"ताई," ते म्हणाले, "उशीर झाला. परिषदेत तुम्ही बोललात ना, त्याच दिवशी मी निघालो होतो."

सगुणाबाईंनी टोपलीतला सगळ्यात मोठा करांदा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

कासमभाईंनी तो तिथेच बसून खायला घेतला. एक घास तोडला. चावला. आसपासचे ससे थांबले. दोन नीलगायी थांबल्या. लांबून सरपंचही बघत होते. एवढ्या जवळून, एवढा वेळ, एखाद्याला त्या टोपलीतलं खाताना बघायची सोय आधी कधी झाली नव्हती. काहीतरी होईल म्हणून सगळा बाजार वाट बघत राहिला. कासमभाई चावत राहिले. अर्धा तास झाला, तास झाला. काहीच झालं नाही. त्यांचा करांदा संपायच्या आत एका सशाला भूक लागली.

तात्पर्य : आजारी पडायचंच असेल तर आधी प्रश्नावली वाचून घ्यावी आणि तिच्यात बसेल त्याच आजाराने पडावं, उगीच डोक्यात भलतंच काही साठवून मोठ्यांची परिषद बिघडवू नये. आणि चारचौघांत खरं सांगायचीच वेळ आली, तर निदान टोपली रिकामी होईपर्यंत थांबावं.